हीट मॅट, थर्मोस्टॅट आणि एलईडी: घरात रोपं करण्याच्या एका पूर्ण हंगामानंतर

कांद्याचं बी पडल्यापासून काकडीची रोपं बाहेर जाईपर्यंत, म्हणजे ऐन हिवाळ्यापासून वसंत सरेपर्यंत, हा संच सलग वापरात होता. ट्रेखाली ठेवून माती उबदार करणारी 25 × 50 सेंमीची 20 वॅटची हीट मॅट, ठरवलेल्या तापमानाला ती बंद-चालू करणारा आणि मातीत खुपसायचा प्रोब (तापमान मोजणारी सळई) असलेला थर्मोस्टॅट, दोन पांढऱ्या एलईडी पट्ट्या, टायमर, 72 कप्प्यांचे प्रोट्रे आणि त्यांवरची पारदर्शक झाकणं. प्रत्येक वस्तूबद्दल पुढे लिहिलं आहेच. पण सर्वांत मोठा फरक पडला तो पेरणीच्या तारखांवर. मॅट आणि दिवे घरात आले की बियाण्याच्या पाकिटावरची तारीख जशीच्या तशी चालत नाही. मिरची, वांगी, टोमॅटो यांची पेरणी पुढे ढकलावी लागते.

पाकिटावर साधारण एवढंच असतं: शेवटच्या फ्रॉस्टच्या, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीच्या, 8 ते 10 आठवडे आधी घरात पेरा. या एका आकड्यात तीन वेगळे काळ कोंबलेले असतात. बी उगवायला लागणारे दिवस, उगवल्यानंतर घरात वाढायचे आठवडे, आणि रोप बाहेर लावायचा दिवस फ्रॉस्टच्या किती आधी किंवा नंतर येतो ते अंतर. यातला पहिला काळ मॅटमुळे बदलतो, दुसरा दिव्यांमुळे, तिसरा मात्र हवामानाच्याच हातात राहतो. म्हणून तिन्ही सुटे मोजावेत.

उगवणीचे दिवस मातीच्या तापमानावर ठरतात, खोलीच्या नव्हे. ट्रेमध्ये माती म्हणून भरलेल्या ओल्या कोकोपीटमधून (नारळाच्या काथ्याच्या भुशातून) पाणी उडत असतं, त्यामुळे माती खोलीच्या हवेपेक्षा 2-3 अंशांनी थंड असते. ढोबळी मिरची 15 अंशांना तीन आठवड्यांहून जास्त घेते, 20 अंशांना जवळपास दोन आठवडे, आणि 25 ते 30 अंशांना आठवडाभरातच वर येते. वांग्याचं गणित असंच. टोमॅटो 15 अंशांना दोन आठवडे, 25 ला सहा दिवस. कांदा 20 अंशांना पाच-सहा दिवसांत उगवतो, त्याला मॅटची फारशी गरज नाही. लेट्यूसला तर मॅट घातकच: 20 अंशांना तीन दिवसांत उगवणारं बी 30 अंशांच्या पुढे झोपी जातं. सेलरीही 25 अंशांच्या आसपास अडते, शिवाय तिच्या बियांना उजेड लागतो, त्यामुळे त्यांवर माती टाकायची नाही.

आता उलटी मोजणी. समजा शेवटचा फ्रॉस्ट 10 मे धरला. मिरची बाहेर जाणार त्यानंतर दोन आठवड्यांनी, रात्रीचं तापमान 13 अंशांच्या वर टिकायला लागल्यावर, म्हणजे 24 मे. चांगल्या दिव्याखाली तिला उगवल्यापासून आठ आठवडे पुरतात, म्हणजे उगवण 29 मार्चच्या सुमारास हवी. 28 अंशांच्या मातीत उगवणीला, मागे राहणारी बियाणी धरून, 10 दिवस द्यावेत. पेरणीची तारीख आली 19 मार्च. पाकिटाच्या हिशेबाने तीच 1 ते 15 मार्च येते. टोमॅटोचंही तसंच: 17 मेला लावायचा, सहा आठवडे मागे 5 एप्रिल, उगवणीचे सहा दिवस, म्हणजे 30 मार्च. ब्रोकोली आणि कोबी थंडी सोसतात, त्यामुळे त्यांची लावणी फ्रॉस्टच्या तीन आठवडे आधी, 19 एप्रिलला. पाच आठवडे आणि वर चार-पाच दिवस धरले की पेरणी 10 मार्चच्या आसपास. कांदा सर्वांत आधी, 25 जानेवारीला, कारण त्याला दहा आठवडे लागतात आणि तो 12 एप्रिललाच बाहेर जातो. काकडी आणि झुकिनी एप्रिलच्या अगदी शेवटी. त्यांना तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ ट्रेमध्ये ठेवलं तर मुळं गुंडाळतात आणि लावताना तुटतात.

इथे एक गोष्ट फार जण दुर्लक्षित करतात. 'शेवटचा फ्रॉस्ट' म्हणून जी सरासरी तारीख दिलेली असते, ती बहुधा 50 टक्के शक्यतेची असते. म्हणजे निम्म्या वर्षी त्यानंतरही फ्रॉस्ट पडतो. हवामानाच्या तक्त्यात 10 टक्के शक्यतेची तारीख मिळाली तर उष्ण पिकांसाठी तीच धरावी. कोबी-कांद्यासाठी सरासरी तारीख ठीक आहे.

थर्मोस्टॅट नसलेली मॅट मी कुणालाही सुचवणार नाही. मॅट स्वतः मोजत काही नाही. ती खोलीपेक्षा साधारण 5 ते 10 अंश जास्त उष्णता देत राहते, त्यामुळे 16 अंशांच्या खोलीत कमी पडते आणि 24 च्या खोलीत बी शिजवते. थर्मोस्टॅट लावल्यावरही प्रोब कुठे आहे यावर सगळं अवलंबून. तो ट्रेच्या मधल्या कप्प्यात, बियांच्या खोलीइतका, ओल्या मातीत हवा. मॅट आणि ट्रे यांच्या फटीत ठेवला तर मॅट लवकर बंद होते आणि वरची माती थंडच राहते. निसटून हवेत लोंबला तर त्याला खोलीचीच थंड हवा लागते, मॅट बंदच होत नाही आणि मुळं भाजतात. प्रोबची वायर ट्रेच्या कडेला चिकटपट्टीने बांधून टाकावी. कडेचे कप्पे मधल्यांपेक्षा एक-दोन अंश थंड असतात. मिरची-वांगी मध्ये आणि टोमॅटो कडेला ठेवले की प्रश्न सुटतो. मॅटखाली थर्मोकोलची शीट घातली तर थंड फरशी किंवा लोखंडी रॅक उष्णता खात नाही.

मॅटचा एक दोष आहे, तो समजून घ्यावा लागतो. खालून उष्णता मिळाल्यामुळे कोकोपीट तळापासून वाळतं. वरून ओलसर दिसतं आणि खाली कोरडं. वर बोट लावून अंदाज घेण्यात अर्थ नाही, ट्रे उचलून वजन पाहावं. पाणी खालच्या ताटातून द्यावं आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकावं. निम्मं बी वर आलं की झाकण काढायचं आणि ट्रे मॅटवरून उतरवायचा. उगवणीसाठी 28 अंश हवेत, वाढीसाठी नकोत. टोमॅटोला नंतर दिवसा 18 ते 21 आणि रात्री 15-16 अंश उत्तम. मिरचीला त्याहून दोन-तीन अंश जास्त. मॅटवरच राहिलेली रोपं सरसर उंच होतात, देठ दोऱ्यासारखा राहतो. त्यात झाकणाखालची दमट हवा मिळाली की देठ मातीलगत काळपट होऊन रोप आडवं पडतं. ही मर, पिथियम किंवा रायझोक्टोनियासारख्या बुरशीमुळे होणारी. एकदा आडवं पडलेलं रोप वाचत नाही. हवा खेळती ठेवणारा लहान पंखा, स्वच्छ धुतलेले ट्रे आणि कमी पाणी एवढाच उपाय.

दिव्यांबद्दल जास्त लिहायला हवं, कारण तारीख खरं तर तेच ठरवतात. खिडकीचा उजेड हिवाळ्यात दोन्ही बाजूंनी अपुरा: दिवस लहान, आणि प्रकाश एकाच दिशेने येणारा. वर रात्री काचेलगत गारठा. रोपांना पानांच्या पातळीवर साधारण 200 मायक्रोमोल (दर चौरस मीटरला, दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशाचं माप) इतका प्रकाश 16 तास मिळाला की दिवसाला 11.5 मोल होतात आणि तेवढ्यात टोमॅटो-मिरची आटोपशीर, जाड देठाची वाढतात. मोजायला महागडं यंत्र नको. फोनच्या उजेड मोजणाऱ्या लक्स ॲपमध्ये पांढऱ्या एलईडीखाली 13 ते 14 हजार लक्स आले की जवळपास तेवढाच प्रकाश आहे, अचूकतेची अपेक्षा मात्र ठेवू नये. खोक्यावर छापलेला 'इतक्या वॅटच्या बल्बइतका' हा आकडा कामाचा नाही. पट्टीच्या टोकांशी प्रकाश बराच घटतो, म्हणून ट्रे दर दोन-तीन दिवसांनी फिरवावेत. दिवा आमच्या रचनेत पानांपासून 10 ते 15 सेंमीवर बरोबर बसला; रोपं वाढतील तशी साखळी वर घ्यायची. पानं फिकी पडून वर वळायला लागली तर दिवा जवळ आहे. पानांची खालची बाजू जांभळी दिसली तर दिव्याला दोष देऊ नका, बहुतेक वेळा मुळं गार पडल्याने फॉस्फरस उचलला जात नसतो.

कांद्याचा टायमर वेगळा लावावा. मोठ्या दिवसाच्या जाती 14 ते 16 तासांच्या उजेडात गड्डा धरू लागतात. मिरचीबरोबर 16 तासांत ठेवले तर रोपट्यावरच बारीक गड्डी धरायला लागते आणि वाढ थांबते. 10 ते 12 तास पुरेत.

आता जागा. पेरणी लवकर करू नये असं सांगण्याचं सर्वांत ठोस कारण हेच आहे. 72 रोपं एका ट्रेमध्ये एका दिव्याखाली मावतात. खरी पानं आली, ती 9 सेंमीच्या कुंड्यांत गेली, की त्याच ट्रेच्या जागेत दहाच कुंड्या बसतात. म्हणजे तेवढ्याच रोपांना सातहून अधिक ट्रेंची जागा आणि तेवढे दिवे. मिरची तीन आठवडे आधी पेरली तर ही टंचाई तीन आठवडे जास्त सोसावी लागते, आणि बदल्यात पीक तितकं आधी मिळतच नाही. फुलावर आलेला, मुळं गच्च झालेला टोमॅटो बाहेर गेल्यावर बराच काळ थबकतो. सहा आठवड्यांचं ठेंगणं रोप त्याला गाठतं. कोबीत उशिरापेक्षा घाई जास्त नडते: देठ पेन्सिलीइतका जाड झाल्यावर काही आठवडे 10 अंशांखालची थंडी मिळाली तर तो गड्डा न धरता फुलोऱ्यावर जाऊ शकतो. आधी दिव्याखाली किती कुंड्या मावतात ते मोजा, मग पेरणी ठरवा.

औषधी-सुगंधी झाडांमध्ये पार्सली संथ आहे, उबदार मातीतही दोन आठवडे. रात्रभर भिजवून फ्रॉस्टच्या 10 आठवडे आधी पेरावी. थाइम आणि ओरेगॅनोचं बी धुळीसारखं, वरच भुरभुरायचं, त्यांनाही 10 आठवडे. बेसिल मात्र उशिरा: उगवल्यापासून पाच आठवड्यांत तयार होतं आणि 10 अंशांखालच्या रात्रीत पानं काळी पडतात. लॅव्हेंडरचं बी ओल्या वाळूत घालून तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. मोजणी तिथूनच सुरू करा. रोझमेरी बियांपासून करू नये, उगवण कमी आणि वाढ मंद, फांदी लावणं सोपं. कोथिंबीर आणि शेपू थेट बाहेर पेरा, सोटमुळाला हलवलं की ती लगेच फुलोऱ्यावर जातात.

बाहेर लावण्याआधी रोपांना ऊन-वाऱ्याची सवय लावायचे 7 ते 10 दिवस वर धरलेल्या आठवड्यांतच मोजलेले आहेत. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग रोज वाढवत जायचं. एलईडीखाली वाढलेली पानं थेट उन्हात ठेवली तर एका दुपारीत पांढरी पडतात, आणि वाऱ्याने देठ मुरगळतो.

नवीन घेणाऱ्यांनी पैसे आधी दिव्यावर आणि टायमरवर घालावेत, मग थर्मोस्टॅटसह मॅटवर. झाकणं हवीतच असं नाही, उगवेपर्यंत पातळ प्लास्टिकही चालतं. 72 कप्प्यांचे पातळ ट्रे एका हंगामात कडेला चिरतात, त्यामुळे थोडे जाड घ्या. कांद्याचं आणि पार्सलीचं बी दरवर्षी ताजं घ्या, ते एक-दोन वर्षांतच मरतं. टोमॅटोचं चार-पाच वर्षं टिकतं. शंका असेल तर पेरणीच्या तीन आठवडे आधी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून उबेत ठेवा, आणि सहापेक्षा कमी उगवल्या तर प्रत्येक कप्प्यात दोन-दोन टाका.