हीट पंपच्या ‘वार्षिक सर्व्हिसिंग’चे 1,874 डॉलर 67 सेंट

ग्रेटर टोरोंटोत काँडोमध्ये राहणाऱ्या मंडळींनी हे वाचाच. ज्यांच्या कपाटात पाण्याच्या लूपवरचा हीट पंप आहे (म्हणजे सगळ्या बिल्डिंगभर फिरणाऱ्या पाण्याच्या पाइपांना जोडलेलं, घर गार-गरम करणारं यंत्र), त्यांनी तर दोनदा वाचा.

जुलैत दाराखालून एक कागद सरकला. वर आमच्या बिल्डिंगचं नाव, ‘वार्षिक हीट पंप देखभाल’, खाली वेळ ठरवायला नंबर. फिल्टर बदलायला एरवी मॅनेजमेंटच माणूस पाठवते आणि यंदा एप्रिलमध्ये कुणी फिरकलंच नव्हतं. शंका यावी तरी कशी? मी फोन केला. हाच फोन पुढे माझ्या अंगाशी आला.

मेकॅनिक आला. गणवेश, बुटांवर प्लॅस्टिकची कव्हरं, हातात टॅब. सर्व्हिसचे 129 डॉलर. फिल्टर काढला, ट्रेमधलं पाणी पुसलं, ड्रेनची नळी साफ केल्यासारखं केलं आणि मला व्हॅक्यूम आणायला पिटाळलं. मी परत आले तर युनिट चालू करून दाखवलं. थोडं घरघरलं आणि बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. “गॅस उतरलाय. असंच चालवलंत तर कॉम्प्रेसर जाईल, मग आठ हजारांचा खड्डा.”

नाशिकहून आलेल्या सासूबाई तिथेच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, तो लाल दांडा मघाशी उभा होता ना? आता आडवा दिसतोय.”

आणि मी म्हणाले, “आई, त्यांचं काम त्यांना कळतं.”

हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात. लूपच्या पाण्याचा व्हॉल्व्ह होता तो! दांडा पाइपच्या रेषेत म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. उन्हाळ्यात हे यंत्र घरातली उष्णता लूपच्या पाण्यात सोडतं. पाणीच तोडलं तर आतला दाब चढून ते बंद पडणारच. आई मराठीत बोलल्या म्हणून, नाहीतर तिथेच त्याचा चेहरा उतरला असता.

‘एवढी शिकलेली आणि...’ हे कृपा करून मला ऐकवू नका. बाहेर 33 अंश, चार महिन्यांचं बाळ घामाने रडतंय, नवरा ऑफिसात. अशा वेळी पाइपकडे बघत बसायचं?

“बाळ आहे, गॅस भरताना इथे थांबू नका,” म्हणाला. आम्ही निमूट आतल्या खोलीत. थोड्या वेळाने गार हवा सुरू. सर्व्हिस 129, गॅस 1,290, ‘तातडीचे’ 240, वर 13 टक्के एचएसटी (इथला विक्रीकर) 215.67. “कार्डाचं मशीन बिघडलंय, ई-ट्रान्सफर करा,” म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवा. केलं.

ऑगस्टमध्ये मॅनेजमेंटचा माणूस आला आणि त्याने गॅसच्या पोर्टवरच्या टोप्या दाखवल्या. धुळीचा थर जसाच्या तसा, कडेचा रंगसुद्धा तडकलेला नाही. मग गॅस काय मंत्र म्हणून भरला? हा गॅस कारखान्यातच भरून बंद केलेला असतो. गळती असेल तरच कमी होतो. कुणी ‘कमी झालाय’ म्हणालं तर आधी गळती दाखव म्हणा, आणि भरताना सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायला लावा. 313ए किंवा 313डी हा एसी मेकॅनिकचा परवाना मागा, असे परवाने देणाऱ्या स्किल्ड ट्रेड्स ऑन्टारियो या संस्थेच्या यादीत नाव ताडून बघा. खोलीबाहेर जा म्हणाला तर त्यालाच बाहेर काढा.

आता दाद मागायचं ऐका. पोलीस म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, हा दिवाणी वाद. बँक म्हणाली, बटण तुम्हीच दाबलंत. मॅनेजमेंट म्हणते, आम्ही दाराखाली कागद टाकत नाही, ईमेलमध्ये कळवलं होतं. अहो, मी पिझ्झा मागवला तरी लॉबीतला माणूस वर फोन करून विचारतो. हा मजल्यामजल्यावर कागद सरकवत फिरला, तेव्हा तो कुठे होता? ग्राहकांच्या सरकारी कचेरीने तर कहरच केला. आमच्या ऑन्टारियो प्रांतात 1 मार्च 2018 पासून एसी, फर्नेस, वॉटर हीटर असलं काही न बोलावता दारात येऊन विकायला बंदी आहे. पण तिथल्या बाईंचं उत्तर : “फोन तुम्ही केला होता, म्हणजे तुम्हीच बोलावलंत.” खोटी नोटीस वाचून केलेला फोनसुद्धा आमंत्रण! मग कायदा नक्की कुणासाठी केलाय?

घरात झालेला 50 डॉलरांवरचा करार दहा दिवसांत रद्द करता येतो. खोटं बोलून करवलेला असेल तर वर्षभरात. त्यामुळे दहा दिवस उलटले म्हणून गप्प बसू नका. मी पत्र पाठवलं, ते परत आलं. पावतीवरचा पत्ता भाड्याच्या टपालपेटीचा निघाला. एचएसटी घेतला, पण पावतीवर एचएसटी नंबरच नाही. तो नंबर कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीच्या साइटवर कुणालाही तपासता येतो, पैसे देण्याआधी.

तुमच्या दाराखाली असा कागद आला असेल तर फेकू नका, फोटो काढून मला पाठवा. एकटीची तक्रार फाइलमध्ये पडून आहे. चार-पाच जमल्या तर मी पुन्हा पोलिसांकडे जाणार आहे.