रजा संपायच्या आत घर विकताना

लातूर, नांदेड, धाराशिव, बीड या भागात ज्यांच्या घरातला माणूस फौजेत आहे आणि बदलीमुळे ज्यांना घर विकायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आपल्याकडं गावोगावचे जवान पोरांच्या शिक्षणासाठी लातुरात प्लॉट घेतात, पै-पै जोडून घर बांधतात, बायको-पोरं तिथं राहतात आणि ते स्वतः वर्षातून रजेवर येऊन जातात. आमचंही तसंच. औसा रोडला दीड गुंठ्यावर तीन खोल्या, वर गच्ची, मागं बोअर. माझे यजमान हवालदार आहेत. थोरलीची दहावी झाली त्याच उन्हाळ्यात ह्यांची बदली राजस्थानात झाली. तिथं कुटुंबासाठी क्वार्टर मिळणार होतं. इतक्या वर्षांनी सगळे एका छपराखाली राहणार होतो. सासू-सासरे आता नाहीत, मागं घराकडं बघायला कुणी नाही, म्हणून विकायचं ठरवलं.

बँकेचं कर्ज काढून घेणारं गिऱ्हाईक मिळालं तर दोन-अडीच महिने जातात. त्याच्या कर्जाची मंजुरी, बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट (घराच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल), मूल्यांकन, मग रजिस्ट्री. ह्यांची रजा तेवढी नव्हती. अशा वेळी एका एजंटानं ‘रोख गिऱ्हाईक’ आणलं. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, बोलायला गोड. मला ताई, ह्यांना साहेब. माझाही भाचा भरतीची तयारी करतोय म्हणाला. घर नीट बघायच्याही आधी त्यानं विचारलं, “साहेबांची रजा कधीपर्यंत आहे?” भाव त्यानं नंतर काढला. हा प्रश्न लक्षात ठेवा. घर घेणारा माणूस पाणी बघतो, भिंतीला ओल आहे का बघतो, शेजार विचारतो. ज्याला पहिल्यांदा तुमच्या रजेची तारीख हवी असते, त्याला तुमची घाई विकत घ्यायची असते.

आम्ही पंचेचाळीस लाख सांगितले होते. त्यानं चाळीसवर आणले. त्यासाठी लातूरच्या पाण्याचं कारण पुढं केलं. 2016 साली इथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, बाहेरचं गिऱ्हाईक ते अजून विसरत नाही, तुमच्या बोअरचा काय भरवसा, वगैरे. सौदा ठरला. एक लाख इसार त्यानं ह्यांच्या खात्यावर टाकला आणि बाकीचे महिन्याभरात रजिस्ट्रीच्या दिवशी देतो म्हणाला. इसारपावतीचा मसुदा आदल्या रात्री ह्यांच्या मोबाइलवर पाठवला. त्यात सगळं ठरल्याप्रमाणं होतं.

दुसऱ्या दिवशी, ह्यांच्या निघायच्या दिवशीच, नोटरीच्या टपरीवर त्यानं बाँड छापून तयार ठेवले होते. मे महिन्याचं ऊन, वर पत्रा, आत दहा-पंधरा माणसं, संध्याकाळची गाडी. ‘रात्री पाठवला तोच मसुदा आहे साहेब, फक्त बाँडवर घेतलाय,’ असं म्हणत तो एकेका पानाचा खालचा कोपरा उचलून सहीची जागा दाखवत होता. पानाचा वरचा भाग त्याच्या हाताखाली. दुसऱ्या पानावर ‘इसारापोटी रुपये एक लाख बँकेमार्फत’ यानंतर ‘व रुपये नऊ लाख रोख मिळाले, तक्रार नाही’ अशी ओळ घुसडलेली होती. त्याखाली ‘आजरोजी ताबा दिला’. रात्रीच्या मसुद्यात या दोन्ही ओळी नव्हत्या.

त्याच बैठकीत आणखी एका बाँडवर त्याच्या नावे मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, झालं. “रजिस्ट्रीला तुम्हाला पुन्हा रजा काढायला नको, तेवढ्यापुरतं,” असं त्याचं कारण होतं. जवानाच्या घरच्या माणसाला हे कारण पटतंच, कारण रजा कशी मिळते हे आपल्यालाच माहीत असतं. प्रत्यक्षात त्या कागदात घर विकण्याचा, गहाण ठेवण्याचा, भाड्यानं देण्याचा आणि पैसे घेण्याचा अधिकार होता. शिवाय एक वाक्य होतं: मोबदला मिळालेला असल्यानं हे मुखत्यारपत्र रद्द करता येणार नाही. या वाक्याचं महत्त्व वकिलांनी नंतर समजावलं. साधं मुखत्यारपत्र देणारा कधीही रद्द करू शकतो. पण मुखत्याराचा स्वतःचाच त्या मालमत्तेत हितसंबंध असेल, तर 1872 च्या करार कायद्याचं कलम 202 आड येतं. नऊ लाख रोख दिल्याची खोटी ओळ म्हणूनच होती. ती असल्याशिवाय हे वाक्य टिकत नाही. दोन्ही कागद एकमेकांना धरून लिहिलेले होते आणि ते लिहिणाऱ्यानं हे काम पहिल्यांदा केलेलं नव्हतं.

मूळ खरेदीखतही त्यानं सर्च रिपोर्टसाठी म्हणून नेलं. सर्च रिपोर्टला मूळ कागद लागत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदी आणि सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) बघून वकील तो करतात. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर या नोंदी आपल्यालाही दिसतात. मूळ कागद मागितला की झेरॉक्स द्या आणि मूळ बघायला घरी बोलवा.

महिना उलटला तरी रजिस्ट्री नाही. आज बँकेत गर्दी, उद्या भाऊ आजारी, परवा मुद्रांक मिळेना. आम्ही तोवर राजस्थानात आलो होतो, पोरींचे केंद्रीय विद्यालयातले प्रवेश झाले होते. मग एक दिवस शेजारच्या काकूंचा फोन आला. “अगं माय, तुमच्या घराला रंग देऊलालेत की! नवे लोक सामान घेऊन आलेत, तू काही बोलली नाहीस!” काकूंनी त्या नव्या माणसाला फोन दिला. उदगीरकडचे एक शिक्षक होते. त्यांनी सत्तेचाळीस लाखांत घर ठरवलं होतं, तीन लाख इसार दिला होता. आमचं मुखत्यारपत्र त्यांना दाखवलं होतं, मूळ खरेदीखत दाखवलं होतं, कुलूप उघडून किल्ली हातात दिली होती. पुढं कळलं की त्यांच्यासारखीच आणखी दोन कुटुंबं याच घरासाठी इसार देऊन बसली होती. त्या माणसाला आमचं घर घ्यायचंच नव्हतं. आम्हाला दिलेल्या एक लाखावर तो इतरांचे इसार गोळा करत होता.

सौदा मोडला असं आम्ही त्याला कळवल्यावर उलटी त्याच्याच वकिलाची नोटीस आली. दहा लाख दिले आहेत, ताबा दिला आहे, खरेदीखत करून द्या, नाहीतर दावा. पाठोपाठ फोनवर निरोप: नऊ लाख रोख घेतल्याचं कागदावर आहे, आयकरवाल्यांना कळवू का? ही धमकी पोकळ नसते, म्हणून सांगते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला आयकर कायद्यानं 2015 पासून बंदी आहे आणि दंड घेणाऱ्यावर बसतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. सरकारी नोकरीतला माणूस, त्यात फौजेतला, हे ऐकून गप्प बसेल आणि चार-पाच लाखांवर मांडवली करेल, हा त्याचा हिशेब होता. नाईक हुद्द्याच्या एका जवानाच्या घरच्यांनी तशी मांडवली केल्याचं आम्हाला नंतर समजलं. त्यांच्यावर काय बेतलं असेल ते मला कळतं.

आम्ही गप्प बसलो नाही. आधी पोलिसांत गेलो, तर ‘हा दिवाणी मामला आहे’ असं उत्तर मिळालं. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. हे कार्यालय पेन्शन आणि शिष्यवृत्तीपुरतंच आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. सेवेत असलेल्या जवानाच्या कुटुंबाची अशी तक्रारही ते पुढं पाठवतात आणि जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष स्वतः जिल्हाधिकारी असतात. युनिटकडूनही पत्र गेलं. खरा आधार झाला तो मोबाइलमधल्या मसुद्याचा. आदल्या रात्रीची वेळ, त्याचाच नंबर, आणि त्यात नऊ लाख नाहीत. सोबत बँकेचा उतारा, त्यात फक्त एक लाख. शिक्षकांनी आणि इतर दोघांनीही तक्रारी दिल्या. तेव्हा कुठं फसवणुकीचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 चा गुन्हा नोंद झाला. म्हणून सौद्याबद्दलचा एकही मेसेज पुसू नका.

मुखत्यारपत्र रद्द केल्याची नोटीस त्याला रजिस्टर पोस्टानं पाठवली आणि स्थानिक दैनिकात जाहीर प्रगटन दिलं. ‘ताबा दिला’ या ओळीची भीती वाटत होती. वकिलांनी सांगितलं की 2001 च्या दुरुस्तीनंतर अशा ताब्याला कायद्याचं संरक्षण हवं असेल तर करार नोंदणीकृत लागतो. नुसत्या नोटरी केलेल्या बाँडवर ते मिळत नाही. मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही 2011 सालीच स्पष्ट केलं आहे. घराची मालकी आमचीच होती आणि आहे. पण दावा चालू असलेल्या घराला चांगलं गिऱ्हाईक हात लावत नाही, आणि दावा लांबला की मालक थकतो, हे त्या माणसाला ठाऊक असतं.

कोर्टासाठी दर वेळी रजा कुठून आणायची, हा आमच्यापुढचा मोठा प्रश्न होता. त्याचं उत्तर कायद्यातच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 28 प्रमाणं, ज्या सैनिकाला दाव्यासाठी रजा मिळू शकत नाही तो आपल्या वतीनं दावा चालवायला दुसऱ्याला लेखी अधिकार देऊ शकतो. त्यावर सही कमांडिंग ऑफिसरसमोर करायची. आमच्या वतीनं आता माझे दीर तारखांना जातात. हे सगळ्या वकिलांच्या ध्यानात येतंच असं नाही, तेव्हा तुम्हीच विचारा.

आणि विक्रीसाठीसुद्धा रजा संपायच्या आत सही करायची गरज नसते. मालकाला बदलीच्या ठिकाणच्या दुय्यम निबंधकासमोर जाऊन भावाच्या, बायकोच्या किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करता येतं. त्यात फक्त याच घराचं वर्णन, ठरलेली किंमत आणि पैसे मालकाच्याच बँक खात्यात जमा होतील एवढं लिहायचं. मग गिऱ्हाईक दोन महिन्यांनी मिळो की सहा महिन्यांनी, घरचा माणूस लातुरात सही करतो. ज्याला खरंच घर घ्यायचं आहे तो याला हरकत घेत नाही. आमच्या त्या माणसाला एजंटासमोर मी हे सुचवलं होतं, दिरांच्या नावे मुखत्यारपत्र करू म्हणाले होते, तेव्हा तो पहिल्यांदा चिडला होता. “ताई, विश्वास नसेल तर राहू द्या सौदा,” म्हणाला आणि उठून चपला घालायला लागला.

सध्या कोर्टाचा मनाई हुकूम आहे, त्याला घर कुणाला दाखवता किंवा विकता येत नाही. खरेदीखताची प्रमाणित प्रत आम्ही काढली आहे, मूळ प्रत अजून त्याच्याकडून मिळालेली नाही. शिक्षकांनी घर सोडलं, त्यांचे तीन लाख अडकलेलेच आहेत आणि त्यांचा जबाब झाला आहे. मनाई हुकूम फक्त आमच्या घरापुरता आहे. तेव्हा लातुरात घर शोधणाऱ्यांनाही सांगते: ‘फौजी भावाचं घर आहे, ते लांब आहेत, मुखत्यारपत्र माझ्याकडं आहे’ असं कुणी म्हणालं, तर इसार देण्याआधी घरपट्टीवर ज्याचं नाव आहे त्या मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला. त्याचा नंबर दाखवणाऱ्याकडून घेऊ नका, शेजाऱ्यांकडून घ्या.