जुन्या स्पार्क प्लगचा लीक टेस्टर: बनवण्यासारखा आहे का?

कॉम्प्रेशन गेज सिलिंडरमधला दाब कमी आहे एवढंच सांगतं. तो निसटतोय कुठून, हे कळायला लीक टेस्टर लागतो. पेट्रोल गाडीसाठी तो घरी बनतो, आणि इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवायच्या आधी हाताशी असावाच.

जुना प्लग गॅरेजमध्ये फुकट मिळतो. बऱ्याच गाड्यांना १४ × १.२५ (मिमी) आट्यांचा चालतो, मात्र आट्यांची लांबी मूळ प्लगएवढीच हवी. खालचा इलेक्ट्रोड कापा, षटकोनावरची दुमडलेली कड ग्राइंडरने उडवा आणि आतली चिनी माती खालून ठोकून वर काढा. गॉगल घालूनच. मग हवेच्या नळीसाठी पाव इंची निपल पितळाने ब्रेझ करा (पितळ वितळवून जोडा). त्याआधी मुलामा घासून काढला नाही तर पितळ धरत नाही. उष्णतेने आटे बिघडतात, म्हणून शेवटी डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. हाताने न जाणारा प्लग पान्याने ओढला, तर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेलेच समजा. मातीचा कणही आत राहू नये, हवेने झटकून घ्या.

कॉम्प्रेसरची हवा पहिल्या गेजपासून बारीक भोकातून दुसऱ्या गेजकडे आणि तिथून या प्लगमधून सिलिंडरमध्ये जाते. खरी मेख दोन गेजमधल्या त्या १ मिमीच्या भोकात आहे. पहिल्यावर ८० पीएसआय ठेवा. दुसऱ्यावर ७२ दिसलं तर गळती १० टक्के. घरगुती भोक नेमकं १ मिमी पडत नाही, त्यामुळे हा आकडा दुसऱ्याच्या टेस्टरशी ताडू नका. त्याच इंजिनाचे सिलिंडर एकमेकांशी ताडा, तिथे हे साधन चोख काम देतं. गेज मात्र स्वस्तातले घेऊ नका. दोन्ही एकाच दाबावर सारखे दाखवतात का, ते आधी बघा.

पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवरच (सगळ्यात वरच्या टोकाला) हवा. प्लगच्या भोकावर बोट ठेवून क्रँक फिरवा, बोट ढकललं गेलं की तोच फेरा. हवा सोडण्यापूर्वी क्रँकच्या बोल्टवरचा पाना काढा. पिस्टन जरा पुढेमागे असला तरी क्रँक झटक्यात फिरते आणि पाना हात मोडू शकतो.

मग कान लावा. एअर फिल्टरकडे फुसफुस म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये म्हणजे एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून म्हणजे पिस्टनच्या रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर बहुधा हेड गॅस्केट. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. रिंगांमधून थोडी हवा चांगल्या इंजिनातही जाते, तेवढ्यावरून इंजिन खोलू नका.