प्लांटेड टँकमध्ये फिश ट्रॅप: काही महिने वापरल्यानंतर

झाडांनी भरलेल्या टँकमधून ठरावीक मासा बाहेर काढायचा असेल, तर जाळी बाजूला ठेवा आणि पारदर्शक ट्रॅप घ्या, असं मी आता खात्रीने सांगू शकतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला घेतला होता, आता उन्हाळा तोंडावर आलाय. मधल्या काळात डेनिसन बार्ब, कुली लोच आणि ब्रिसलनोज प्लेको (सकर माशाचा एक छोटा प्रकार) या तीन अगदी वेगळ्या स्वभावाच्या माशांसाठी वापरून झाला. तिघांच्या बाबतीत निकाल सारखा लागला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

वस्तू साधीच आहे. जवळजवळ फूटभर लांब अ‍ॅक्रिलिकची पेटी, एका टोकाला खाचेत वर-खाली सरकणारं दार, दार वर धरून ठेवायला त्याला बांधलेलं तंगूस (नायलॉनचा दोरा), वरून खाणं सोडायला एक नळी आणि काचेला चिकटवायला चार सक्शन कप. मला हजाराच्या आत पडली.

माझा टँक तीन फुटी, साधारण 190 लिटरचा. मधोमध मोठं ड्रिफ्टवूड, त्यावर अनुबियास आणि जावा फर्न, मागे व्हॅलिसनेरियाची दाट रांग. यात जाळी फिरवायची म्हणजे आधी लाकूड काढा, मग झाडं उपटा, तळातली सगळी घाण पाण्यात उठवा. एवढं करूनही मासा हाती लागत नाहीच. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना जी पार्श्वरेषा असते, तिने त्याला पाण्याची बारीकशी हालचालसुद्धा कळते. जाळी पाणी ढकलत पुढे येते, त्यामुळे ती पोहोचायच्या आत मासा निसटलेला असतो. पाठलाग लांबला की तो पार दमतो, आणि असा दमवलेला मासा पकडल्यानंतर काही तासांनीही दगावू शकतो. जाळीच्या दोऱ्याने अंगावरचा चिकट थर खरवडला जातो तो वेगळाच. बुरशी आणि जंतूंपासून माशाला वाचवणारा थर तोच.

मला सगळ्यात जास्त काळजी होती डेनिसन बार्बची. आपल्या पश्चिम घाटातला, केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधला हा मासा. टँकवाल्यांमध्ये ‘मिस केरळ’ म्हणून ओळखला जातो. ब्रिटिश मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे यांनी 1865 मध्ये केरळमधल्या मुंडकायमच्या माशांवरून त्याचं वर्णन केलं. 2013 मध्ये त्याला ‘सह्याद्रिया’ या नव्या प्रजातीत (जीनसमध्ये) टाकण्यात आलं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत तो धोक्यात आलेला मासा म्हणून नोंदलेला आहे, आणि त्याला धोक्यात आणण्यात शोभेच्या माशांसाठी झालेल्या बेसुमार पकडीचा मोठा हात आहे. असा मासा आपल्या घरात, आपल्याच हातून, नुसता एका टँकमधून दुसऱ्यात नेताना मरावा हे मला चालणार नव्हतं. माझे डेनिसन चार-चार इंचांचे झाले होते आणि त्यांना मित्राच्या पाच फुटी टँकमध्ये पाठवायचं होतं.

डेनिसन झुंडीने पोहतात. एक दचकला की सगळेच सुटतात, काचेवर आपटतात, टँक उघडा असेल तर बाहेर उडी मारतात. त्यामुळे ट्रॅप लावला आणि लगेच दार पाडलं, असं इथे करायचंच नाही. दार काढून ठेवून पेटी टँकमध्ये राहू द्यायची. पहिले काही दिवस ते तिच्याकडे फिरकत नाहीत. मग खाणं फक्त पेटीतच टाकायला सुरुवात करायची, बाहेर एक दाणाही नाही. माझ्याकडे फ्रोझन ब्लडवर्मने (गोठवलेल्या लाल अळ्यांनी) काम झालं. आधी एक धीट मासा शिरतो, घास घेऊन झटकन बाहेर येतो. दोन-तीन दिवसांत बाकीचे दाराशी घोटाळायला लागतात, आणि आठवड्याभरात पेटीत गर्दी होते. मग दार परत खाचेत बसवा, तंगूस खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ओढून ठेवा आणि तिथे नेहमीसारखे बसा. टँकसमोर उभं राहून वाट पाहिली तर ते आत जात नाहीत.

आणि पहिला शिरला की दार पाडू नका. निम्मे पकडले तर उरलेल्या निम्म्यांना ती पेटी पक्की लक्षात राहते आणि मग कितीतरी दिवस ते तिच्या जवळपास फिरकत नाहीत. सगळे आत असतील त्या क्षणाची वाट पाहायची. माझा एकच मासा बाहेर राहिला, तो बऱ्याच दिवसांनी मिळाला.

इथेच या ट्रॅपमधला खरा दोष समोर आला. अ‍ॅक्रिलिक पाण्यापेक्षा थोडंसंच जड असतं. त्यामुळे दार खाली पडत नाही, तरंगत तरंगत उतरतं. गप्पीसाठी ठीक आहे, पण डेनिसनला तेवढा वेळ बाहेर पडायला भरपूर झाला. त्यात खाचेत शेवाळ साचलं की दार मध्येच अडकतं. मी दाराच्या खालच्या कडेला काचेची एक पट्टी अ‍ॅक्वेरियम सिलिकॉनने चिकटवली, कडा आधी घासून घेतल्या, आणि सिलिकॉन पूर्ण वाळल्यावरच दार पाण्यात घातलं. तेव्हापासून तंगूस सोडलं की दार टक्कन बसतं. हे बनवणाऱ्यांनीच करून द्यायला हवं होतं. सिलिकॉन घेताना बुरशीरोधक औषध घातलेलं बाथरूमचं घेऊ नका, ते माशांना विषारी असतं.

दार पडल्यावर पेटी तशीच ठेवून चहाला जायचं नाही. डेनिसन वाहत्या झऱ्यातला मासा, त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो आणि बंद पेटीत पाणी खेळत नाही. पेटी तिरकी करून, तळाशी पाणी राहू देऊन उचलायची आणि थेट पिशवीत रिकामी करायची. मासा एकदाही कोरडा होत नाही, हात लागत नाही, जाळी लागत नाही. या एका गोष्टीसाठी मी या ट्रॅपला पैकीच्या पैकी गुण देईन.

ब्रिसलनोजचं काम त्याहून सोपं. रात्री दिवे गेल्यावर काकडीची चकती जेवणाच्या काट्यात (फोर्कमध्ये) खोवून आत ठेवायची. प्लेको येऊन त्यावर बसला की दार बंद. याच्या कल्ल्यांपाशी आणि पंखांवर काटे असतात, ते जाळीत असे गुंततात की शेवटी जाळीच कापावी लागते. त्यामुळे प्लेको पाळणाऱ्यांनी तर ट्रॅप घ्यावाच. प्लेको देऊन टाकायचा असेल तर कोणातरी पाळणाऱ्याला द्या, तलावात-नदीत सोडू नका. टँकमधून गेलेल्या मोठ्या सकर माशांनी भारतातल्या अनेक जलाशयांत ठाण मांडलंय आणि मच्छीमारांची जाळी फाडतायत.

कुली लोचसाठी मात्र ही पेटी मला चालली नाही. पेन्सिलीएवढा बारीक, दिवसभर वाळूत पुरलेला मासा. रात्री आत येतो, पण दार पडलं तरी खालच्या फटीतून सहज निघून जातो. त्याच्यासाठी पाण्याची बाटलीच बरी. मानेपाशी कापा, वरचा भाग उलटा करून आत बसवा, वास बाहेर जाईल आणि पाणी फिरेल अशी बारीक भोकं तापवलेल्या सुईने पाडा, आत मूठभर वाळू आणि बुडणारी गोळी टाका. लोच कडेकडेने फिरतो, त्यामुळे मधलं तोंड त्याला परत सापडत नाही. फक्त बाटली रात्रभर विसरू नका. रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात, आणि बंद जागेत तो लवकर कमी पडतो. मी झोपण्यापूर्वी आणि मध्ये एकदा उठून बघायचो.

टिकाऊपणाबद्दल: चारपैकी दोन सक्शन कप कडक होऊन सुटू लागलेत, ते सुटे मिळतात. काचेसारखी स्वच्छ पेटी आता थोडी ओरखडली आहे, पण माशांना फरक पडलेला दिसला नाही. शेवाळ मऊ स्पंजने पुसा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावू नका, अ‍ॅक्रिलिकला केसासारख्या भेगा पडतात. दुसऱ्याला वापरायला दिली असेल तर पुन्हा टँकमध्ये घालण्याआधी पूर्ण कोरडी होऊ द्या, म्हणजे एका टँकमधला रोग दुसऱ्यात जाण्याचा धोका कमी होतो. छोट्या, झाडं नसलेल्या टँकला दोन जाळ्या पुरतात, तसा टँक असणाऱ्यांनी हा खर्च करू नये.