मिशिगनची हरणं: वरचं जंगल की खालची शेतं?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा नकाशा बघून वाटतं, वरच्या म्हणजे उत्तरेकडच्या द्वीपकल्पात (अपर पेनिन्सुलात) एवढं घनदाट जंगल, म्हणजे हरणंही तिकडेच जास्त, पण 15 ते 30 नोव्हेंबरच्या बंदुकीने हरणं मारायच्या सीझनचे आकडे बघा, जास्त शिकार होते ती दक्षिणेत, मका-सोयाबीनच्या पट्ट्यात. कारण साधंय, खाली खायला भरपूर, हिवाळा त्यामानाने सौम्य, मादीला बऱ्याचदा जुळी पाडसं. वर मात्र बर्फ पार पोटापर्यंत, मग हरणं सीडरच्या दाट झाडीत गोळा होतात आणि तोंड पोचेल तिथवरचा पाला साफ, झाडांना पट्टीने रेघ मारल्यासारखी दिसते (खरंच!). हरणाच्या मांसाने फ्रीजर भरायचाय तर दक्षिणच बरी, फक्त तिथली जमीन बहुतेक खाजगी, मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. वर सरकारी जंगल भरपूर, पण दिवसभर थंडीत कुडकुडून शेपूटसुद्धा दिसेलच असं नाही.