टॉमकॅटपुढे एनजिनएक्स: कापसाच्या हंगामातला अनुभव

पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगचं काटापट्टीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. ॲप टॉमकॅटवर (जावा ॲप चालवणारा सर्व्हर), पोर्ट ८०८०, पुढे एनजिनएक्स, म्हणजे बाहेरून येणारी विनंती आधी घेऊन टॉमकॅटकडे पोचवणारा वेब सर्व्हर. एनजिनएक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर मला मनापासून आवडलंय.

जोडणी 'प्रॉक्सी पास'च्या एका ओळीत होते. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट एनजिनएक्सकडे ठेवा आणि टॉमकॅट फक्त १२७.०.०.१ वर (म्हणजे त्याच मशीनवरून) ऐकेल असं करा, म्हणजे ८०८० बाहेरून उघडा राहत नाही.

खरी मेख अपलोडची. शेतकरी बांधावरून सातबाऱ्याचा फोटो टाकतो, तो सहज तीन-चार एमबीचा. एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी. लगेच ४१३ एरर (फाइल फार मोठी)! 'क्लायंट मॅक्स बॉडी साइज' १० एमबी केली की गाडी सुरळीत. मोठा रिपोर्ट ६० सेकंदांत आला नाही तर ५०४ येतो, तिथे 'प्रॉक्सी रीड टाइमआउट' वाढवायचा.

टॉमकॅट रीस्टार्ट होताना ५०२ एरर (मागचा सर्व्हर उत्तर देत नाही) दिसतो. त्या जागी मी 'दोन मिनिटं थांबा, तुमची नोंद बंद करू नका' असं मराठी पान लावलंय. काट्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग असताना माणसाला हे कळायलाच हवं. एचटीटीपीऐवजी एजेपीनेच (टॉमकॅटशी बोलायची वेगळी पद्धत) जोडायचं असेल तर मात्र अपाचे हा दुसरा वेब सर्व्हर घ्या. एनजिनएक्समध्ये मुळात ती सोय नाही.