टू-पीस ऑस्टोमी बॅग: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

इलिओस्टॉमीसाठी (ऑपरेशनने लहान आतडं पोटावर बाहेर काढून मळाला केलेली वाट) ५७ मिमी रिंगची टू-पीस बॅग, म्हणजे कातडीला चिकटणारी प्लेट वेगळी आणि मळ साठणारी, खालून उघडणारी पिशवी वेगळी. बरेच महिने वापरल्यावरचं मत असं की पिशवी चांगली आहे. गळतं ते बहुतेक वेळा प्लेटच्या भोकापाशी.

स्टोमाच्या, म्हणजे पोटावर बाहेर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या, बुडाशी मापपट्टी धरून त्याहून २ ते ३ मिमीच मोठं कापायचं. स्टोमा ३२ मिमी असेल तर भोक ३४-३५. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो. दवाखान्यातून आणलेला कागदी नमुना तोवर तसाच वापरला तर भोवती कातडी उघडी पडते आणि पातळ मळातले पाचकरस ती बघता बघता सोलवटतात. भोक घट्ट झालं तर कड स्टोमाला कापते. कापल्यावर आतली कड बोटाने गुळगुळीत करावी.

प्लेट सकाळी चहाच्या आधी बदलावी, तेव्हा आतडं त्यातल्या त्यात शांत असतं. कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे. डेटॉल, स्पिरिट, खोबरेल काही नको. ओलसर-लाल जागीच स्टोमा पावडर भुरभुरून जादाची झटकायची, कारण थर राहिला की गोंद धरत नाही. प्लेट लावून वर तळहात एक-दोन मिनिटं दाबून ठेवायचा. गोंदाला अंगाची ऊब लागते.

खरी परीक्षा पंगतीत. आडवं पडून लावलेली प्लेट मांडी घालून बसलं की पोटाच्या घडीत दुमडते आणि तिथूनच पाझरते. म्हणून लावण्याआधी एकदा बसून घडी कुठे पडते ते बघावं आणि तेवढ्या खाचेत सील रिंग (फट बुजवणारं मऊ, चिकट कडं) भरावी. पेस्टही चालते, पण स्पिरिट असलेली पेस्ट सोललेल्या कातडीवर आग आग करते. स्टोमा कातडीच्या पातळीत किंवा आत असेल तर सपाट प्लेटचा नाद सोडून उंचवट्याची प्लेट आणि पट्टा लागतो. हे मात्र स्टोमा नर्सला दाखवूनच. लुगड्याची गाठ किंवा पायजम्याची नाडी रिंगवर येऊ देऊ नये.

प्लेट एरवी तीन-चार दिवस टिकते. अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात घामाने लवकर सुटते. काढलेल्या प्लेटची मागची बाजू भोकाभोवती पांढरी होऊन फुगली असेल तर पुढची एक दिवस आधी बदलावी. खोके पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवले की गोंद बिघडतो. खानापूरच्या पावसात आंघोळीनंतर पिशवीचं कापडी आवरण ओलंच राहतं, ते टिपून घ्यावं.

पिशवीतला वारा बाहेर सोडणाऱ्या फिल्टरचं कौतुक फार ऐकलं होतं, पण पातळ मळाने तो भिजला की बंद पडतो आणि पिशवी फुगते. एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, वजनानेही प्लेट ओढली जाते.

खाण्यात मक्याचं कणीस, ओलं खोबरं, शेंगदाणे जपून आणि बारीक चावून. कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) गोड असल्याने मळ आणखी पातळ करू शकतो, एवढंच. दिवसाला दीड लिटरच्या वर मळ जाऊ लागला तर डॉक्टरांना कळवावं. मळ बंद होऊन कळा-उलट्या आल्या किंवा स्टोमा जांभळा-काळा पडला तर लगेच दवाखाना.

प्लेट आणि पिशवी एकाच कंपनीची, एकाच मापाची घ्या. आकडा तोच असला तरी दुसऱ्या कंपनीची रिंग नीट बसेलच असं नाही. तालुक्याच्या मेडिकलमध्ये माल असेलच असं नाही. बेळगाव किंवा कोल्हापूरहून मागवायचा तर दोन आठवड्यांचा साठा हाताशी ठेवावा.